उंदीर नेमका कोणता होता?

मराठी दैनिकांच्या आरोग्य पुरवण्यांच्या संपादकांस,



तुमच्यापैकी कोणाशी माझी ओळख नाही, पण तुमच्या पुरवण्या मी वर्षानुवर्षे वाचतो, अगदी शब्दकोड्यासकट. एका फार्मसी कॉलेजात मी तीस वर्षे औषधशास्त्र शिकवले. कॉलेजच्या मागच्या अंगाला आमचे ॲनिमल हाउस होते. तिथे भाताच्या तुसावर ठेवलेले पांढरे विस्टार जातीचे उंदीर असत आणि त्यांच्या लघवीचा नाकात बसणारा उग्र वास. रोज सकाळी एकेकाला तराजूवर ठेवायचे आणि वजन वहीत टिपायचे. हा वास अंगवळणी पडलेला माणूस म्हणून हे पत्र लिहितो आहे.

कारण घडले जुलै २०२३ मध्ये. माझी थोरली बहीण, आमची अक्का, वीस-बावीस वर्षांची मधुमेही. चहात साखरेऐवजी ॲस्पार्टेमची गोळी टाकायची. एका सकाळी तिचा फोन आला. "अरे, पेपरात आलंय, त्या गोळ्यांनी कॅन्सर होतो. उंदरांना झाला म्हणे. मी डबीच फेकून दिली." मी विचारले, "मग आता फिका चहा घेतेस का?" तर म्हणाली, "छे, फिका कसा जाईल घशाखाली? गुळाचा घेते. गूळ चालतो ना!"

तीन महिन्यांनी तिची एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची मागल्या काही महिन्यांची सरासरी, ७.२ वरून ८.८ वर गेली. मी तिला काही बोललो नाही. तिने पेपर वाचला आणि पेपरावर विश्वास ठेवला, तिच्या पिढीत तसेच करतात.

मग मी ती बातमी मागवून घेतली. गंमत अशी की तिच्यात धडधडीत खोटे असे एकही वाक्य नव्हते. १४ जुलै २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन वेगवेगळ्या मंडळांनी आपापले निष्कर्ष एकाच दिवशी जाहीर केले. फ्रान्समधल्या लियों शहरातली कर्करोग संशोधन संस्था, म्हणजे आयएआरसी, हिने ॲस्पार्टेमला गट २ब मध्ये टाकले. अर्थ असा, की माणसात कर्करोग होण्याची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा आहे. आणि अन्नात मिसळायच्या पदार्थांची सुरक्षितता तोलणाऱ्या जेक्फा या समितीने सांगितले, की रोजची मर्यादा बदलण्याचे कारण दिसत नाही. ती मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम. पहिल्या निष्कर्षाचा बातमीत मथळा झाला. दुसऱ्याच्या वाट्याला शेवटून दुसरा परिच्छेद आला, आणि अक्का चष्मा न लावता तिथपर्यंत पोचत नाही.

अक्काचे वजन ६० किलो. तिची मर्यादा झाली दिवसाला २,४०० मिलिग्रॅम. तिच्या डबीवर एका गोळीत १८ मिलिग्रॅम असे छापलेले होते. मर्यादा गाठायला तिला दिवसाला १३३ गोळ्या लागल्या असत्या. ती चार घ्यायची, पाहुणे आले तर पाच.

पण आकडेमोड हा माझा मुख्य मुद्दा नाही. माझी तक्रार 'उंदीर' या शब्दाबद्दल आहे.

इंग्रजीत रॅट वेगळा आणि माऊस वेगळा. मराठीत उंदीर म्हटले की दोन्ही आले. आपल्या शेतात घूस आहे, माजघरात चिचुंद्री आहे (ती तर उंदराच्या कुळातलीसुद्धा नाही), पण रॅट आणि माऊस यांना वेगळे करणारा रोजच्या बोलण्यातला शब्द आपल्याकडे नाही. गणपतीच्या पायाशी बसतो तो मूषक. मूषक आणि माऊस हे एकाच कुळातले शब्द, पण मूर्तिकार जो घडवतो तो अंगलटीवरून मला तरी नेहमी रॅट वाटत आला आहे. प्रयोगशाळेतला रॅट पाव ते अर्धा किलो भरतो, माऊस पंचवीस-तीस ग्रॅम. दोघांच्या वाटा एक कोटीहून जास्त वर्षांपूर्वी फुटल्या, म्हणजे माणूस आणि चिंपांझी वेगळे झाले त्याच्याही आधी. चिंपांझीवर प्रयोग करून 'माणसावर प्रयोग झाला' असे तुम्ही छापणार नाही. रॅट आणि माऊस यांना मात्र आपण एकाच पिंजऱ्यात कोंबतो.

एरवी मी हे भाषेच्या जाणकारांवर सोपवले असते. पण कृत्रिम गोडव्याचा सगळा इतिहास या भेदावर उभा आहे. त्यातला सॅकरिनचा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण तो आपल्याकडे अर्धाच पोचला.

सॅकरिन १८७९ मध्ये सापडले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आयरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टंटिन फाह्लबर्ग डांबरापासून निघणाऱ्या रसायनांवर काम करत होता. हात न धुता जेवायला बसला आणि पाव गोड लागला. पुढच्या शोधांचीही हीच तऱ्हा. १९३७ मध्ये मायकेल स्वेडाला सिगारेट गोड लागली, ते सायक्लामेट. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटरने कागद उचलायला बोट चाटले, ते ॲस्पार्टेम. आणि १९७६ मध्ये लंडनला क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हॉ यांच्या हाताखाली काम करणारे शशिकांत फडणीस. त्यांना एक क्लोरिनयुक्त साखर 'टेस्ट' करायला, म्हणजे तपासायला सांगितले होते. त्यांनी 'टेस्ट'चा अर्थ चव घेणे असा ऐकला आणि जिभेवर ठेवली. ती सुक्रालोज. इंग्रजीतले हे दोन शब्द आपण देवनागरीत सारखेच लिहितो, त्यामुळे हा गोंधळ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आज कोणी प्रयोगशाळेत असे काही केले तर त्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवतील. ते असो. चारही वेळा पहिला प्रयोगप्राणी माणूस होता, उंदरांची पाळी नंतर आली.

सॅकरिनच्या बाबतीत ती पाळी फार उशिरा आली. तोवर दोन महायुद्धांतल्या साखरटंचाईत लोकांनी ते भरपूर खाल्ले होते. आपल्याकडेही ते आले. माझ्या लहानपणी शाळेच्या फाटकाशी बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी राही आणि घरून ताकीद असे, "सॅकरिनचा गोळा खाऊ नका, घसा बसेल." घसा बसायचा तो बर्फाने आणि बर्फाच्या पाण्याने, पण बोलणी सॅकरिनने खाल्ली.

अमेरिकेत १९५८ साली कायद्यात एक कलम आले होते, ते काँग्रेस सदस्य जेम्स डिलेनी यांच्या नावाने ओळखले जाते. माणसात किंवा प्राण्यात कर्करोग करणारा कोणताही पदार्थ अन्नात मिसळायला परवानगी नाही, असे ते कलम. किती प्रमाणात, कोणत्या प्राण्यात, कशा रीतीने, हे कलम विचारत नव्हते. १९६९ मध्ये सायक्लामेट गेले, तेव्हाही पुरावा रॅटच्या मूत्राशयातल्या गाठींचा होता. मार्च १९७७ मध्ये कॅनडात झालेल्या प्रयोगाच्या आधारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सॅकरिनवरही बंदी घालायचे जाहीर केले. त्या वेळी बाजारात सॅकरिनशिवाय दुसरा पर्यायच उरला नव्हता. मधुमेही लोक खवळले, काँग्रेसवर पत्रांचा पाऊस पडला, लोकांनी दुकानांतली पाकिटे घरात साठवली. शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने वेगळा कायदा करून बंदी लांबवली आणि त्याऐवजी पाकिटावर इशारा छापायला लावला: हा पदार्थ प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत कर्करोग करतो असे ठरले आहे.

'प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत'. इथेही प्राणी कोणता ते छापले नाही. म्हणजे हा दोष एकट्या मराठीचा नाही, हे मला मान्य आहे.

आता प्रयोगात काय होते ते पाहा. रॅटच्या खाद्यात वजनाच्या ५ टक्के सॅकरिन सोडियम घातले होते. नर-मादी दोघांना तेच खाऊ घातले, त्यांना पिल्ले झाली आणि पिल्लांनाही जन्मभर तेच. म्हणजे दुसऱ्या पिढीचा गर्भात असल्यापासून सॅकरिनशी संबंध. हे माणसाच्या ताटात मोजून बघू. माणूस दिवसाला अर्धा किलो कोरडे अन्न खातो असे धरले, तर ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम सॅकरिन. ते साखरेच्या सुमारे ३०० पट गोड, म्हणून ही साडेसात किलो साखरेची गोडी झाली. रोज, आणि आईच्या पोटात असल्यापासून. जेक्फाच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाची रोजची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे.

गाठी झाल्या त्या मुख्यतः नर रॅटच्या मूत्राशयात. माद्यांत फार कमी. खाद्यातून सॅकरिन खाल्लेल्या माऊसमध्ये तसे काही झाले नाही. खाद्यातले प्रमाण १ टक्क्यावर आणले की रॅटमध्येही परिणाम दिसेनासा झाला.

मग वीसेक वर्षे या एका 'का'मागे खर्ची पडली. नेब्रास्का विद्यापीठातले सॅम्युएल कोहेन आणि त्यांचे सहकारी यांनी त्याची उकल केली. सॅकरिन शरीरात पचत नाही, जसे आत जाते तसे लघवीतून बाहेर पडते. नर रॅटच्या लघवीत मुळातच भरपूर प्रथिने असतात, त्यातले एक विशिष्ट प्रथिन माणसाच्या लघवीत जवळपास नसतेच. ही प्रथिने, लघवीतले कॅल्शियम आणि फॉस्फेट, आणि सोडियमच्या क्षाराचा हा भडिमार, सगळे एकत्र आले की मूत्राशयात बारीक कचकचीत साका तयार होतो. तो आतल्या अस्तराला सतत घासतो. अस्तराच्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात, पुन्हा मरतात, पुन्हा येतात. हा पेशींचा चरखा जन्मभर फिरत राहिला की कुठेतरी धागा तुटतो. यात सॅकरिन थेट जनुकांना धक्का लावत नाही. कोहेन यांच्या कामातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की सोडियम ॲस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्वाचा सोडियम क्षार, एवढ्याच प्रचंड प्रमाणात दिला तर नर रॅटमध्ये तोही असेच करतो. त्यासाठी कोणी लिंबावर इशारा छापला नाही.

दुसरीकडे माकडांवरचा प्रयोग चालू होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत वीस माकडांना आठवड्यातले पाच दिवस सॅकरिन दिले जात होते, काहींना २४ वर्षांपर्यंत. १९९८ मध्ये निकाल छापून आला: मूत्राशय धड. एका प्रयोगासाठी चोवीस वर्षे पिंजरे धुणाऱ्या माणसांची नावे कुठे छापत नाहीत. आमच्या कॉलेजातल्या ॲनिमल हाउसच्या शिपायाची मला या जागी नेहमी आठवण येते.

१९९९ मध्ये आयएआरसीने सॅकरिनला गट २ब मधून काढून गट ३ मध्ये टाकले, म्हणजे माणसाबाबत वर्गीकरण करता येत नाही अशा गटात. मे २००० मध्ये अमेरिकेच्या कर्करोगकारक पदार्थांच्या यादीतून त्याचे नाव वगळले आणि डिसेंबरमध्ये पाकिटावरचा इशाराही कायद्याने गेला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये दर किलो वजनामागची रोजची मर्यादा ५ वरून ९ मिलिग्रॅमवर नेली. हे निकाल मराठीत ठळकपणे वाचल्याचे मला आठवत नाही, कदाचित आतल्या पानावर आले असतील. आमच्या सोसायटीतल्या शंभर लोकांना विचारा, नव्वदांना 'सॅकरिनने कॅन्सर होतो' हेच ठाऊक असेल. तेवीस वर्षांच्या खटल्यातला आरोप तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

एवढे वाचून कोणाला वाटेल, की हे गृहस्थ गोळ्या विकणाऱ्या कंपनीचे दिसतात, किंवा 'उंदरांचे प्रयोग म्हणजे थोतांड' असे यांना म्हणायचे आहे. तसे मुळीच नाही. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातले अफलाटॉक्सिन घ्या. रॅटच्या यकृताला ते अगदी थोड्या प्रमाणात कर्करोग करते, प्रौढ माऊस मात्र त्याला फारशी दाद देत नाही. इथे माणूस रॅटच्या बाजूने निघाला. माऊसवर भरवसा ठेवला असता तर आपण फसलो असतो. गर्भात व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाच्या बाबतीत रॅट आणि माऊस दोघेही जवळजवळ गप्प राहिले, ससा बोलला, पण सशाला विचारायला लोक उशिरा गेले. आणि झायलिटॉल हा गोडवा माणसाला चालतो, पण कुत्र्याने तो घातलेला च्युइंगगम खाल्ला तर त्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा येतो, साखर धाडकन उतरते, कुत्रा दगावू शकतो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे अशा वाचकांसाठी ही चौकट तुम्ही उद्याच छापा, मी मानधन मागणार नाही.

म्हणजे कोणता प्राणी साक्ष देतो आहे आणि त्याचे शरीर त्या पदार्थाचे काय करते, हे आधी विचारावे लागते. ॲस्पार्टेम आतड्यातच फुटून फेनिलॲलनिन, ॲस्पार्टिक आम्ल आणि थोडे मिथेनॉल असे तुकडे होतात, अख्खे रक्तात जात नाही. सुक्रालोज बहुतांशी न शोषता शौचावाटे निघून जाते. सॅकरिनची कथा ॲस्पार्टेमला लावता येत नाही, आणि 'कृत्रिम गोडव्याने अमुक होते' या मथळ्यातला 'कृत्रिम गोडवा' हा शब्द 'उंदीर' इतकाच ढगळ आहे. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्या माणसाला ॲस्पार्टेम खरोखर घातक आहे, फेनिलॲलनिन त्याच्या शरीरात साठते. म्हणून डबीवर तशी सूचना असते. ती सूचना माणसावरूनच कळली आहे, कोणत्याही उंदरावरून नाही, आणि ती कोणी वाचत नाही.

ॲस्पार्टेमविरुद्ध प्राण्यांतली सगळ्यात गाजलेली साक्ष इटलीतली. बोलोन्याच्या रामाझिनी संस्थेत मोरांडो सोफ्रित्ती यांनी १,८०० रॅट घेतले. एरवी असे प्रयोग दोन वर्षांत संपवतात, रॅट तोवर म्हातारा होऊ लागलेला असतो. सोफ्रित्तींनी ठरवले की मारायचे नाही, प्रत्येक रॅट आपल्या मरणाने मरेपर्यंत बघायचे. मला ही कल्पना मनापासून पटते. माणसालाही बरेचसे कर्करोग उतारवयात होतात, मग रॅटला साठीत निवृत्त करून पुढचे बघायचेच नाही हे कुठले शहाणपण? त्यांना लिम्फोमा आणि ल्युकेमिया वाढलेले दिसले. पण म्हाताऱ्या उंदरांना म्हातारपणाचे आजार होतात. त्या वसाहतीतल्या रॅटना फुप्फुसाचा जुनाट संसर्ग होता, आणि संसर्गाने सुजलेले ऊतक लिम्फोमासारखे दिसू शकते. २००६ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने हेच कारण पुढे करून तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद त्यानंतरही मिटला नाही. २०२३ मध्ये आयएआरसीने प्राण्यांमधल्या पुराव्याला 'मर्यादित' म्हटले, माणसातल्या पुराव्यालाही 'मर्यादित' म्हटले. माणसातला होता यकृताच्या कर्करोगाचा, आणि तोही मोजक्या अभ्यासांतून. अक्काने वाचलेल्या बातमीत यकृताचा उल्लेख नव्हता.

मला स्वतःला काळजी वाटते ती निराळ्याच प्रयोगांची, आणि त्यांत कर्करोग नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या एरान एलिनाव आणि एरान सेगल यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले, की सॅकरिन दिलेल्या माऊसची रक्तातली साखर आवरेनाशी होते. प्रतिजैविके देऊन आतड्यातले जिवाणू मारले की परिणाम जातो. आणि त्या माऊसची विष्ठा जिवाणूमुक्त वाढवलेल्या माऊसच्या पोटात घातली की परिणाम तिकडे जातो. मग त्यांनी सात माणसांना आठवडाभर सॅकरिन दिले. चौघांची साखर बिघडली, तिघांची नाही. २०२२ मध्ये त्यांनी १२० माणसांवर पुन्हा प्रयोग केला. सॅकरिन आणि सुक्रालोजने साखरेचा प्रतिसाद बदलला, ॲस्पार्टेम आणि स्टीव्हियाने तसा नाही. दरम्यान २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने निरोगी माणसांना दोन आठवडे सॅकरिन देऊन पाहिले, माऊसलाही दिले, आणि दोघांतही काही बिघडले नाही. विज्ञान असेच अडखळत चालते. पण इथे माऊसची साक्ष माणसाशी ताडून पाहिली गेली आणि निदान काहींच्या बाबतीत जुळली, म्हणून मला हे वजनदार वाटते. अक्काच्या बाबतीत तर विषय नेमका रक्तातल्या साखरेचाच आहे.

२०२२ च्या अखेरीस आणखी एक प्रयोग आला, फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठातल्या प्रदीप भिडे यांच्या प्रयोगशाळेतला. आडनाव वाचून मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचला, हे कबूल करतो. पिण्याच्या पाण्यातून ॲस्पार्टेम दिलेले माऊस बिचकू लागले, मोकळ्या जागेत जायला कचरू लागले. डायझेपाम हे चिंता शमवणारे औषध दिल्यावर निवळले. प्रमाण माणसाच्या मर्यादेच्या सात-आठ भागांतला एक भाग, म्हणजे अवाच्या सवा नाही. आणि हा बिचकेपणा नरांकडून पुढच्या दोन पिढ्यांत उतरला. बातमीला याहून चांगले काय पाहिजे! पण एक लक्षात घ्या: माऊसला ॲस्पार्टेम आपल्यासारखे गोड लागत नाही. त्याच्या जिभेवरचा गोडीचा ग्राहक आपल्याहून वेगळा आहे. साध्या पाण्याची आणि ॲस्पार्टेमच्या पाण्याची बाटली समोर ठेवली तर त्याला फारसे वेगळे वाटत नाही. म्हणून 'बिनकॅलरीच्या गोडीने मेंदू फसतो' हे स्पष्टीकरण या प्रयोगातून तरी निघत नाही. मग कशाने होते? हा प्रश्न चांगला आहे, तो उघडा आहे, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने हा प्रयोग करून बघेपर्यंत तो उघडाच ठेवावा. भिड्यांनाही हे अमान्य असेल असे मला वाटत नाही.

गट २ब बद्दल एक शेवटचे. त्या गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, मुख्यतः रॅटच्या आतड्यातल्या गाठींवरून. तुमच्याच पुरवण्यांत कोरफडीचा रस रोज सकाळी अनशापोटी घेण्याचे सल्ले मी वाचले आहेत. (अर्क अख्ख्या पानाचा, सोललेल्या गराचा नाही. बघा, इथेही 'कोरफड' एवढे लिहून भागत नाही.) आणि सुपारी? ती गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग नक्की करणाऱ्यांत आहे, तंबाखूशिवायसुद्धा. तिथे उंदराला विचारायची गरज उरलेली नाही, माणसांची तोंडे साक्षीला आहेत. आपल्या पानमसाल्यात आणि गोड सुपारीत गोडी आणायला सॅकरिन घालतात. एका गृहस्थांनी मला भर लग्नात विचारले होते, "सर, या सुपारीत सॅकरिन आहे म्हणतात, काही धोका नाही ना?" सुपारी त्यांच्या तोंडातच होती.

तुमच्याकडे मागणे फार नाही. पुढच्या वेळी अशी बातमी भाषांतराला जाईल तेव्हा भाषांतरकाराला 'रॅट' आणि 'माऊस' हे शब्द तसेच ठेवू द्या. शुद्धलेखनवाल्यांनी आक्षेप घेतला तर माझ्याकडे पाठवा. प्राण्याला दर किलोमागे किती दिले हा आकडा छापा, आणि तो सरळ माणसाच्या वजनाने गुणू नका. औषधशास्त्रातला ठोकताळा असा, की रॅटचा दर किलोचा डोस सुमारे सहाने भागायचा आणि माऊसचा सुमारे बाराने, कारण लहान प्राण्याचे शरीर सगळे भराभर जाळते. लहान मुलांचा हिशेब वेगळा द्या. पंधरा किलोच्या मुलाची ॲस्पार्टेमची मर्यादा ६०० मिलिग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने डाएट पेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० असू शकते. अक्काला १३३ गोळ्या लागतात, पण नातवाला दोन-तीन कॅन पुरतात. आणि त्याच संघटनेने मे २०२३ मध्ये वजन कमी करायला हे गोडवे वापरू नका असा सल्ला दिला, तेव्हा ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही, असेही तिथेच लिहिले होते. ते वाक्य पहिल्या परिच्छेदात यायला हवे होते.

अक्काने आता गूळ सोडला आहे. गोळीही सोडली आहे. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो तेव्हा तिने फिका चहा पुढे केला आणि मी पहिला घोट घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दुसऱ्या घोटाला मी म्हटले, "आलं छान लागलंय." ती म्हणाली, "आल्याबद्दल उंदरांवर काही आलंय का रे अजून?"



आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक